सावकाराची थैली

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी पाठवा, असा निरोप आला आणि डोळ्यांपुढे मैदानाच्या कडेचा कडुलिंब उभा राहिला. पी.टी.च्या सरांचं नाव लिहीत नाही. त्या वर्षांतल्या कोणाला ते सांगावं लागणार नाही.

शनिवारी शाळा सुटली की सर फांदीला चिंचोक्यांची थैली अडकवायचे. ती सावकाराची. आम्ही तंट्या भिल्ल. कामटीचं धनुष्य, तुराटीचे बाण, टोकाला चिंधीचा बोळा. पंधरा पावलांवरून प्रत्येकाला तीन बाण. सावकारांना लुटून गरिबांना वाटणारा, १८८९ साली जबलपूरला फाशी गेलेला तंट्या सरांच्या तोंडून ऐकावा! मी अंगठ्याच्या चिमटीत दोरी धरली की ते डाफरायचे, "अंगठा मिट! तो एकलव्यानं देऊन टाकलाय."

सहावीत एकदा माझा बाण बरोबर बसला आणि थैली खाली आली. चिंचोक्यांत पाच लिमलेटच्या गोळ्या निघाल्या. मी मूठ आवळली तर सर म्हणाले, "तंट्या लूट घरी न्यायचा का रे? वाट." वाटल्या. पाचवी गोळी पहिलीतल्या एका पोराला गेली. माझ्या हाताला नुसता वास.

आता नोकरीमुळे इंग्लंडात नॉटिंगहॅमला असतो. इथे किल्ल्याच्या पायथ्याशी रॉबिन हूडचा १९५२ सालचा पुतळा आहे. त्याच्या हातातला बाण लोकांनी कितीदा तरी पळवलाय. (लुटारूलाच लुटलं!) आमच्या धनुर्विद्या क्लबात वर्षातून एकदा त्याच्या नावाची गमतीची फेरी असते. रॉबिनच्या वैऱ्याच्या, शेरीफच्या, चित्राला बाण लागला तर गुण, रॉबिनच्याच साथीदाराच्या, फ्रायर टक नावाच्या भिक्षूच्या, चित्राला लागला तर वजा. मग गोष्टीतल्यासारखी जमिनीत रोवलेली विलोची बारीक काठी. तिला बाण चाटून गेला तरी आरडाओरडा. शेवटी शेरीफची थैली, सोनेरी कागदातल्या चॉकलेटांची.

क्लबात पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, दोरी तीन बोटांनी ओढ, अंगठा तळहातात मिटून घे. मी हसलो. का हसतोस विचारलं, तेव्हा एकलव्य सांगावा लागला. सरांना हे कळवायला हवं होतं. ते गेल्याचं मला वर्षभराने कळलं.

गेल्या उन्हाळ्यात थैली माझ्याच बाणाने पडली. सगळी चॉकलेटं वाटून टाकली. मंडळींना वाटलं, ही आमच्याकडची रीत असावी.

कडुलिंब गेला, तिथे आता सायकलींची शेड आहे म्हणतात. महोत्सवाला मी येतोय. थैली मी आणतो, तुराट्या गावातल्यांनी आणाव्यात. शेडच्या पाइपाला बांधू. एक लिमलेट मात्र मी आधीच खिशात घालणार आहे.