कुंपणाच्या आतली वनस्पती-वही : पावसाळ्याच्या मध्यावर

जर्मनीतल्या समाजवादी नेत्या रोझा लुक्झेंबर्ग यांच्या वनस्पती-वह्यांची पद्धत वापरून आपल्या सोसायटीच्या आवाराची वही करायची, हे काम आता श्रावणापर्यंत आलंय.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. रोझांनी मे १९१३मध्ये बर्लिनला वनस्पती वाळवून वह्यांत चिकटवायला सुरुवात केली. झ्युरिकच्या विद्यापीठात त्या आधी निसर्गविज्ञान शिकल्या होत्या, त्यामुळे हात कच्चा नव्हता. पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून जुलै १९१६पासून नोव्हेंबर १९१८पर्यंत सरकारनं त्यांना खटला न चालवता डांबून ठेवलं: आधी बर्लिन, मग व्रोंके, शेवटी ब्रेस्लाऊ. वह्या मात्र थांबल्या नाहीत. व्रोंकेला निदान बागेचा तुकडा होता. ब्रेस्लाऊच्या तुरुंगात फरसबंद अंगण. बाहेरच्या मैत्रिणी फुलंपानं पाठवत, तीही वहीत जात.

मला त्यांच्याकडून घ्यावीशी वाटली ती नोंदीची शिस्त: नाव, ठिकाण, तारीख. हिंडायची सोय नसली की त्याच रोपाकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं, आणि तिथेच खरं निरीक्षण सुरू होतं. म्हणून माझाही नियम एकच, कुंपणाबाहेरचं काही घ्यायचं नाही.

त्याचा फायदा केना या तणावर दिसला. पंपाच्या खोलीमागे तो दरवर्षी माजतो. निळं फूल सकाळी उमलतं, दुपारपर्यंत मिटून चिकट गोळा होतो. तेव्हा खुडायचं ते सकाळीच. फूल वेगळं काढून बटरपेपरवर पाकळ्या ओल्या कुंचल्यानं पसरायच्या, दोन मोठ्या आणि तिसरी फिकट, लहानशी. वरून टीपकागद, मग वजन. मूळ उपटून पाहिलं तर जमिनीखालीही फुलं! ती कधी उमलतच नाहीत, आतल्या आत बी धरतात. हे वाचलेलं होतं, पण मातीतून स्वतः काढून पाहण्याचा आनंद वेगळाच. तो सगळा गुच्छ मुळांसकट चिकटवलाय.

केन्याचं खोड पाणीदार, कागदात दाबलं तरी जिवंत राहतं. ते आधी उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून घेते. या हवेत रद्दी रोज बदलावीच लागते, नाहीतर बुरशी ठरलेली. एकदांडी, भुईआवळी, आघाडा सहज वाळले. तेरड्याचा रंग काही टिकत नाही, म्हणून त्याच्या शेजारी ताज्या फुलाचा रंग जलरंगात लावून ठेवते. चिकटवायला फेव्हिकॉल फक्त कागदी पट्ट्यांच्या टोकांना, रोपाला नाही. पुढे कुणाला सोडवून भिंगाखाली पाहायचं झालं तर पाहता यावं.

गवतं अजून बाकी आहेत. भाद्रपदात तुरे आल्याशिवाय त्यांची नावं लावण्यात अर्थ नाही. तोवर गॅरेजच्या उतारावरच्या प्रत्येक गवताशेजारी काडी रोवून ठेवली आहे आणि माळीकाकांना तेवढा पट्टा न कापण्याची विनंती केली आहे. गवतांच्या कणसांतल्या बारीक भागांची चित्रं काढण्याचा कुणाला सराव असेल, तर भिंग किती पटीचं वापरता ते जरूर कळवा.