त्या तीन वळशांचा अर्थ

डब्लिनला आल्यापासून ते चिन्ह जिकडेतिकडे दिसत होतं. एका मध्यातून निघालेले तीन वळसे. कानातल्यांत, मगांवर, पबच्या पाट्यांवर. ‘केल्टिक’, म्हणजे केल्ट या प्राचीन युरोपीय लोकांचं, म्हणून मी त्याचं चांदीचं पदकही घेतलं. सोबत अर्थाचं कार्ड होतं: जमीन, समुद्र, आकाश.

गेल्या शनिवारी न्यूग्रेंज हे आयर्लंडमधलं अश्मयुगीन दगडी थडगं पाहिलं. अंग चोरत 19 मीटरचा दगडी बोळ ओलांडला की गाभारा लागतो. तिथल्या कोनाड्यात, वीतभराहून थोडे मोठे, तेच तीन वळसे. जवळून पाहिलं तर नुकताच टाकी लावलेल्या पाट्यावर असतात तसे बारीक खळगे. धातू नव्हताच, दगडानेच दगड टोचलेला. इसवी सनापूर्वी 3200 च्या सुमाराचं हे काम गीझाच्या पिरॅमिडांहूनही जुनं. केल्ट लोक आयर्लंडमध्ये आले ते त्यानंतर कित्येक शतकांनी! या चिन्हाचं ‘ट्रिस्केलियन’ हे नावही ग्रीक, ‘तीन पायांचं’. सिसिली आणि आयल ऑफ मॅनच्या झेंड्यांवर तर खरेच तीन पाय आहेत.

कुणीतरी अर्थ विचारला. गाइड बाई शांतपणे म्हणाल्या, “माहीत नाही. कोरणाऱ्यांनी काही लिहून ठेवलेलं नाही.” बास. तिकीट काढून आलेल्या माणसांना असं तोंडावर सांगायला धीर लागतो. घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं.

त्या उत्तरानंतर गाभाऱ्यात गाइड बाईंनी दिवे मालवले आणि सूर्यकिरणासारखा एक झोत जमिनीवरून सरकत आत आणला. खरा किरण डिसेंबरमधल्या सर्वांत लहान दिवसांत येतो, 17 मिनिटं. ओ’केली या पुरातत्त्वज्ञांनी 1967 मध्ये तो पाहिला. आता त्या दिवसांत आत जायला सोडत काढतात. मी कोल्हापूरची, मला किरणोत्सवच आठवला. अंबाबाईच्या पायांवरून मुखाकडे चढणारं ऊन पाहायला सोडत लागत नाही, रांगेत उभं राहायची तयारी हवी. आणि आमच्याकडे अर्थ सांगतात ते बनवून नाही. परंपरा तुटलेली नाही, सांगणारं माणूस घरातच असतं.

असं मी ठासून म्हणत होते. रविवारी उंबऱ्यावर कुंकवाने स्वस्तिक काढताना लेकीने विचारलं, “आई, हे म्हणजे काय?” चार दिशा, चार पुरुषार्थ, असं सुरू केलं आणि थांबले. ते मी कुठेतरी वाचलेलं होतं. आजी फक्त “शुभ असतं गं” म्हणायची आणि चार टिंबं द्यायची.

लेकीला तेवढंच सांगितलं. टिंबं तिने दिली.