फेरेट दत्तक घेताना: आधी सुळे बघा, मग कपाळावरचा पट्टा

अमेरिकेत सोडून दिलेले प्राणी दत्तक देणाऱ्या शेल्टरमध्ये फेरेटच्या, म्हणजे मुंगसासारख्या दिसणाऱ्या लांबट पाळीव जनावराच्या, पिंजऱ्यावर एक कार्ड लावलेलं असतं. त्यावर नाव, नर की मादी आणि ‘वय अंदाजे 2 वर्षं’ एवढं लिहिलेलं असतं. त्यातला ‘अंदाजे’ हा शब्द नीट वाचा. फेरेट जगतं साधारण 6 ते 8 वर्षं. म्हणजे अंदाज दोन वर्षांनी चुकला, तर त्याच्या आयुष्याचा निदान पाव भाग हिशेबातून गेला. आणि दुखणी बहुतेक तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतर सुरू होतात, ती तुमच्या पदरात लगेच पडतात.

गावाकडे फोटो पाठवला की ‘मुंगूस पाळलंय का?’ हा प्रश्न येणारच. मुंगूस नव्हे, त्याचं कूळच वेगळं. फेरेट हे युरोपातल्या पोलकॅट या रानटी शिकारी प्राण्यापासून माणसाळवलेलं जनावर, बिळातले ससे हुसकावण्यासाठी दोन हजारांहून जास्त वर्षं पाळलं गेलेलं. आणखी एक गोष्ट घरी चर्चा रंगण्याआधीच बघून घ्या: कॅलिफोर्निया आणि हवाईमध्ये फेरेट पाळायला बंदी आहे, न्यूयॉर्क शहरातही आहे, आणि न्यू जर्सीत परवाना लागतो.

आता वय. शरीरावरून ते कळत नाही, कारण पिल्लू चार-पाच महिन्यांतच पूर्ण आकाराचं होतं. पाच महिन्यांचं आणि तीन वर्षांचं फेरेट शेजारी ठेवलं तर नवख्याला फरक सांगता येणार नाही. वजनावरही जाऊ नका. मादी साधारण अर्धा ते एक किलो, नर एक ते दोन किलो, पण हिवाळ्यात चरबी चढते आणि उन्हाळ्यात उतरते. ऑगस्टमध्ये हडकलेलं दिसणारं जनावर म्हातारंच असेल असं नाही.

खरी साक्ष सुळ्यांची. ते बघायला जबरदस्ती करावी लागत नाही. मानेमागची सैल कातडी मुठीत धरून उचला, दुसरा हात ढुंगणाखाली आधाराला ठेवा. काही क्षणांत फेरेट सैल पडतं आणि मोठी जांभई देतं. तेवढ्यात मोबाइलचा टॉर्च बाजूने सुळ्यावर पाडा. आजारी किंवा खूप अशक्त दिसत असेल तर मात्र असं उचलू नका, शेल्टरच्या माणसाला ओठ वर करून दाखवायला सांगा.

वर्षाच्या आतल्या फेरेटचा सुळा टोकापर्यंत पांढरा आणि अपारदर्शक असतो, कोरड्या साबुदाण्यासारखा. एक ते तीनच्या दरम्यान टोकाशी किंचित काचेसारखी झाक येते. तीनच्या पुढे ही झाक खाली सरकते आणि दात पिवळसर व्हायला लागतो. पाच-सहा वर्षांचा सुळा भिजलेल्या साबुदाण्यासारखा दिसतो, प्रकाश आरपार जातो आणि मुळाशी चांगलाच पिवळा. हा अंदाज आहे, जन्मदाखला नव्हे. एखाद्या वर्षाचा फरक धरूनच चाला.

इथे दोन गोष्टी हमखास फसवतात. एक, तुटलेला सुळा. पिंजऱ्याचे गज चावायची सवय असलेल्या दीड वर्षाच्या फेरेटचेही सुळे बोथट असतात, त्यामुळे झीज न बघता रंग आणि पारदर्शकता बघा. दुसरी, दाढांवरचं किटण. ते खाण्यावर आणि निगेवर अवलंबून असतं, वयाशी त्याचं नातं सैल आहे. अगदी लहान पिल्लू असेल तर काम सोपं: साधारण सात आठवड्यांच्या सुमारास कायमचे सुळे येतात, आणि काही दिवस दुधाचा सुईसारखा सुळा आणि जाड नवा सुळा शेजारी शेजारी दिसतात.

कागदपत्रांमध्ये रेबीजच्या पहिल्या लशीची तारीख शोधा. ती लस तीन महिन्यांच्या आत देत नाहीत, म्हणजे त्या दिवशी जनावर निदान तेवढं होतं. कार्डावरच्या वयापेक्षा हा पुरावा पक्का. उजव्या कानात दोन छोटे निळे ठिपके गोंदलेले दिसले तर ते वयाची खूण समजू नका. नसबंदी आणि गुदग्रंथी काढल्याची ती खूण, दुकानांना पिल्लं पुरवणाऱ्या मोठ्या पैदास केंद्राकडची.

त्या ठिपक्यांचा अर्थ मात्र पुढे उपयोगी पडतो. अशा पिल्लांची नसबंदी जेमतेम सहा आठवड्यांच्या आसपास होते. प्रजननग्रंथीच नाहीत, त्यामुळे मेंदूकडून येणाऱ्या संप्रेरकांच्या इशाऱ्यांना कुठूनच ‘पुरे’ असं उत्तर जात नाही, आणि तो सगळा मारा मूत्रपिंडाजवळच्या ॲड्रिनल ग्रंथीवर होत राहतो. पुढे बऱ्याचदा तिला गाठ येते. शेपटीच्या बुडापासून दोन्ही बाजूंनी सारखे केस जाताना दिसले, नसबंदी झालेल्या मादीची योनी सुजलेली दिसली, किंवा नर लघवीला कुंथत असला, तर ॲड्रिनलचा संशय घ्या. नर कुंथत असेल तर तो त्याच दिवशी व्हेटकडे जायला हवा.

रंगातून आनुवंशिक गुण वाचता येतात, आणि इथे लोक सर्वात जास्त भुलतात. कपाळापासून मानेपर्यंत पांढरा पट्टा, किंवा खांद्यापर्यंत पूर्ण पांढरं डोकं, म्हणजे ‘ब्लेझ’ आणि ‘पांडा’. फोटोत फार गोड दिसतात. पण रंग देणाऱ्या पेशी कपाळापर्यंत पोचल्या नाहीत, तर बऱ्याचदा त्या आतल्या कानातही पोचलेल्या नसतात, आणि त्यांच्याशिवाय कान काम करत नाही. याला वार्डनबर्ग सिंड्रोम म्हणतात. अशी बरीच फेरेटं जन्मतः बहिरी असतात. लाल डोळ्यांचं अल्बिनो वेगळं, त्याच्या पांढरेपणाचा बहिरेपणाशी संबंध नाही. पांढरं अंग आणि काळे डोळे असतील तर मात्र तपासा.

तपासणी साधी, पण टाळ्या वाजवू नका. हवेचा झोत लागतो आणि बहिरंही दचकतं. फेरेट जागं असताना, पाठमोरं असताना, पाच-सहा फुटांवरून चिरकणारं रबरी खेळणं दाबा. झोपेत तर मुळीच तपासू नका, फेरेट इतकं गाढ झोपतं की ऐकू येणारंही हलत नाही. बहिरं म्हणून नाकारायचं कारण नाही. उचलण्याआधी जमिनीवर पाय आपटून किंवा नाकाशी हात नेऊन चाहूल द्या, नाहीतर दचकून चावतं. पहिल्यांदाच पाळणाऱ्या आणि लहान मुलांच्या घरात ही गोष्ट आधी माहीत हवी, एवढंच.

लांब केसांचं अंगोरा घेत असाल तर नाकपुड्या बघा. काहींच्या नाकात जादा घड्या असतात. चंदेरी रंगाची फेरेटं वर्षागणिक फिकट होत जातात, तेव्हा पांढरेपणा म्हणजे म्हातारपण असं गणित मांडू नका.

सुळ्यांनी चारच्या पुढचं वय सांगितलं, तर जनावर दहा मिनिटं मोकळं सोडून बघा. मागचे पाय लटपटणं, एकटक शून्यात बघत राहणं, लाळ गाळत तोंडावर पंजा मारणं ही इन्सुलिनोमाची, म्हणजे रक्तातली साखर खाली आणणाऱ्या स्वादुपिंडातल्या गाठीची, लक्षणं. व्हेटकडे तीन-चार तासांच्या उपाशीपोटी साखर तपासून घ्या. निरोगी फेरेटची 90 ते 120 mg/dL च्या आसपास येते, 60 च्या खाली आली तर दुखणं जवळपास नक्की. ही तपासणी दत्तकाच्या कागदावर सही करण्याआधी करू देतील का, हे शेल्टरला स्पष्ट विचारा. आणि जोडी देत असतील तर दोघांचे सुळे वेगवेगळे बघा. एकाच घरातून आली म्हणून कार्डावर दोघांचं वय एकच लिहिलेलं असू शकतं.