तुम्ही विचारलंत म्हणून: हे कपडे घालतं तरी कोण?

डोंबिवलीत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे दहा बाय बाराचा गाळा, दोन मशीन, एक ओव्हरलॉक आणि काउंटरवर डब्याला टेकवून ठेवलेला टॅब. इतर दुकानांत मालिका लागलेली असते, माझ्याकडे पॅरिस नाहीतर मिलानचा फॅशन शो. माप द्यायला आलेली बाई दोन मिनिटं बघते आणि विचारते, "ताई, हे असले कपडे घालतं तरी कोण?" पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला: "आणि तुम्ही ते बघता कशाला?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. जसेच्या तसे फार कुणी घालत नाही. काही नट्यांच्या अंगावर जातात, काही संग्रहालयात, आणि उरलेल्यांचं पाणी घालून वाढवलेलं वरण काही दिवसांनी मॉलमध्ये येतं. फुग्याची बाही तुम्ही सगळ्याजणी एकाच वर्षी परत मागायला लागलात, ते काय ठरवून? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र तोंडात टाचण्या धरून देता येत नाही. म्हणून इथे लिहिते, आणि एकाच हंगामापुरतं लिहिते: सप्टेंबर-ऑक्टोबर २०२२. दाखवले ते २०२३ च्या उन्हाळ्याचे कपडे. तिकडचे लोक उन्हाळ्याची तयारी आधीच्या सप्टेंबरात करतात आणि आमच्याकडे दिवाळीचा ब्लाऊज वसुबारसेला टाकतात, "साधाच आहे हो, होईल ना?" म्हणत.

त्या वर्षी पॅरिसचा फॅशन वीक होता २६ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर. घटस्थापना २६ ला, नवमी ४ ला. तिकडे रॅम्प आणि इकडे नऊ रंग, अगदी दिवसाला दिवस. शिवणाऱ्या बाईसाठी याहून वाईट योग नाही. मिलान तेवढं पितृपक्षात आलं. पितृपक्षात नवं कापड टाकायला कुणी येत नाही, त्यामुळे २३ तारखेचा गुची या इटालियन फॅशन कंपनीचा शो मी चहा पीत, मागे-पुढे करत, हवा तसा पाहिला.

अलेसान्द्रो मिकेले तेव्हा गुचीचे मुख्य डिझायनर होते. (दोनच महिन्यांनी त्यांनी ती कंपनी सोडली.) त्यांची आई आणि मावशी जुळ्या, म्हणून त्यांनी शोच जुळ्यांचा केला. प्रेक्षक दोन भागांत बसवलेले, मध्ये भिंत. प्रत्येक भागाला वाटलं की आपण पाहतोय तोच शो. शेवटी भिंत वर गेली आणि दोन्हीकडचे मॉडेल एकमेकांचे हात धरून चालत आले: ६८ जुळ्या जोड्या, प्रत्येक जोडीच्या अंगावर सारखेच कपडे.

लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. माझ्या डोळ्यांसमोर १३६ फिटिंग आली. कारण माझ्याकडे दोन जुळ्या बहिणी येतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा एकीचं माप घेतलं आणि दुसरी म्हणाली, "माझंही तेच धरा, काकू, आम्ही कपडे अदलून-बदलून घालतो." मीही ऐकलं. सगळी चूक माझी. एकीला ब्लाऊज अंगावर ओतल्यासारखा बसला, दुसरीला उजव्या मुंढ्यापाशी, म्हणजे बाही जोडतात तिथे, आडवी चुणी. परत टेप लावली तर खांद्यात अर्ध्या इंचाचा फरक. ही दुसरी रोज एकाच खांद्यावर जड पर्स घेऊन लोकल पकडणारी, तो खांदा उतरलेला. आई एक, चेहरा एक, पण खांदा ज्याचा त्याचा. म्हणून त्या शोमध्ये मी चेहरे बघितलेच नाहीत. एकेक जोडी थांबवून कोटाचा खांदा कुठे संपतो, बाही कुठे लागते, ते बघत बसले. एकही चुणी सापडली नाही, आणि मी शोधली होती.

मग घट बसले आणि माझं बघणं रात्री अकरानंतरचं झालं.

तिसरी माळ, बुधवार, गडद निळा. त्या दिवशी ड्रीस व्हान नोटेन या बेल्जियन डिझायनरचा शो होता. कोरोनामुळे अडीच वर्षं त्यांनी प्रेक्षकांसमोर शो केला नव्हता. मी रंगांची वाट बघत होते, कारण फुलं आणि रंग हीच त्यांची ओळख. आणि आलं काय, तर काळं. एकामागून एक नुसतं काळं. नऊ रंगांच्या यादीत जो रंगच नाही, तो! आठवडाभर पिवळा-केशरी-गुलाबी शिवून शिणलेल्या डोळ्यांना खरं तर बरंच वाटलं. आणि नीट बघितल्यावर लक्षात आलं की काळ्यात शिवण लपते असं आपण म्हणतो, पण इथे काळ्यातच सगळी करामत होती: चुण्या, झालरी, कापडाचीच केलेली फुलं. रंग नाही म्हटल्यावर नजर हाताच्या कामाकडे जाते. नंतर हळूच फिके रंग आले आणि शेवटी फुलांची छापील कापडं, एकावर एक, अगदी मंडईसारखी.

व्हान नोटेन यांच्याबद्दल मला आपुलकी आहे त्याची दोन कारणं. एक म्हणजे त्यांचे आजोबा शिंपी होते. दुसरं, त्यांचं भरतकाम वर्षानुवर्षं कोलकात्याकडच्या कारागिरांकडून होत आलं. दर हंगामात थोडं तरी भरतकाम ठेवायचंच, म्हणजे तिथले हात रिकामे राहत नाहीत, असं त्यांनी सांगितलेलं आहे. "हे सगळं फॉरेनचं" असं कुणी काउंटरवर म्हणालं की मी हे ऐकवते. मुंबईतही तेच. पुढच्याच मार्चमध्ये, ३० मार्च २०२३ ला, दिऑर या फ्रेंच फॅशन कंपनीने आख्खा शो गेट वे ऑफ इंडियासमोर केला, तो मुंबईच्या चाणक्य या भरतकामाच्या कारखान्याशी त्यांचं जुनं नातं म्हणून. अड्ड्यावर, म्हणजे भरतकामाच्या लाकडी चौकटीभोवती, चौघं-पाचजण मांडी घालून बसलेत, खाली ताणलेलं कापड, वर आरीचा (आकडीच्या सुईचा) टकटक आवाज, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना पॅरिस फार लांब वाटत नाही.

त्याच पॅरिसच्या आठवड्यात बॅलेन्सियागा या फॅशन कंपनीने रॅम्पवर चिखल केला होता. खराखुरा, घोट्यापर्यंतचा. त्यावर मी काय बोलू? जुलैत स्टेशनबाहेर या, फुकट दाखवते. साडीचा फॉल तेवढा वर धरा.

आता पाचवी माळ. ३० सप्टेंबर, शुक्रवार, हिरवा. त्या एका दिवसात तीन शो असे झाले की मला आजही क्रमाने आठवतात. लोएवे या फॅशन कंपनीच्या शोमध्ये मधोमध अँथुरियमचं प्रचंड फूल उभं केलेलं, आणि काही कपड्यांवरही तीच फुलं. आपल्याकडे लग्नाच्या स्टेजवर लावतात ना, ते प्लॅस्टिकसारखं दिसणारं लाल चकचकीत फूल, तेच. मला हसू आलं, पण विसरलेही नाही. त्याच दिवशी जपानी डिझायनर इस्से मियाके यांच्या कंपनीचा शो. मियाके स्वतः ५ ऑगस्टला वारले होते. त्यांच्या प्लीट्सची, म्हणजे बारीक चुण्यांची, युक्ती शिवणाऱ्यांनी समजून घ्यावी अशी आहे. आपण आधी कापडाला चुण्या घालतो आणि मग बेततो. त्यांनी उलटं केलं: कपडा अंगापेक्षा दुप्पट-तिप्पट मोठा बेतायचा, शिवून पूर्ण करायचा आणि मग कागदात घालून उष्णतेच्या प्रेसमधून काढायचा. पॉलिएस्टरला घडीची आठवण राहते. मी एकदा उरलेल्या तुकड्यावर घरच्या इस्त्रीने करून बघितलं. इस्त्रीला चिकटलं. खरवडायला अर्धा तास लागला.

आणि रात्री कोपर्नी या फॅशन कंपनीचा शो.

हा व्हिडिओ तुम्ही पाहिलेला असणार, तो सगळ्या जगाने पाहिला. बेला हदीद ही मॉडेल जवळजवळ विवस्त्र येऊन उभी राहते. मानेल तोर्रेस नावाचे स्पॅनिश संशोधक आणि त्यांचा सोबती रंग मारायच्या बंदुकीसारख्या यंत्राने तिच्या अंगावर पांढरा फवारा मारायला लागतात. आधी कोळिष्टकासारखं दिसतं, मग दह्याच्या सायीसारखं. बारीक तंतू असलेला द्रव असतो तो. हवा लागली की द्रव उडून जातो आणि तंतू एकमेकांना धरून बसतात. आठ-दहा मिनिटांत अंगावर पोशाख तयार. वीसेक वर्षं तोर्रेस याच्या मागे होते.

फवाऱ्याचं नाट्य तसं नवं नाही. १९९८ मध्ये ब्रिटिश डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन यांनी शॅलोम हार्लो या मॉडेलला फिरत्या चकतीवर उभं करून दोन यंत्रमानवांकडून तिच्या पांढऱ्या झग्यावर रंग उडवला होता. पण तो झगा आधी शिवलेला होता. इथे शिवणच नाही. मला झोप लागेना ती त्यामुळे. कापड हातात आलं की मी पहिल्यांदा ते उभं ओढते, आडवं ओढते, मग उरेब, म्हणजे तिरकं, ओढून बघते. ताणा-बाणा, म्हणजे उभे-आडवे धागे, कळल्याशिवाय मी कात्री लावत नाही. या कापडाला ताणाही नाही आणि बाणाही नाही. मुंढा नाही, टक्स नाही, बाजूची टीप नाही. तीस वर्षं मी ज्याचे पैसे घेते, ते सगळंच वगळलेलं.

पण पुढचा भाग बघा. बहुतेक लोक तिथवर थांबत नाहीत. फवारे मारून झाल्यावर शार्लट रेमंड, कोपर्नीच्या डिझाइन विभागाच्या प्रमुख, स्टेजवर येतात. हाताने खांद्यावरचे पट्टे खाली ओढून दंडावर बसवतात. मग कात्री घेतात आणि खालचा घेर कापतात, मांडीपाशी चीर देतात. खडूची रेघ नाही, टाचणी नाही, आत जिवंत माणसाचा पाय, आणि समोर सगळं जग बघतंय. मी तेवढाच तुकडा सातवेळा पाहिला. कात्रीचं खालचं पातं त्यांनी अंगापासून किती दूर धरलंय ते बघण्यासाठी. मी असते तर अस्तराचा एक तुकडा आधी आत सरकवला असता.

दुसऱ्या दिवशी मी तो व्हिडिओ आमच्या मावशींना दाखवला. त्या माझ्याकडे हूक-काज आणि हातशिलाई करतात. चष्मा वर करून त्यांनी शेवटपर्यंत बघितलं. म्हटलं, आता "बाई गं" म्हणतील.

"याला हूक कुठाय?" मावशी म्हणाल्या.

"नाहीये."

"चेन?"

"तीही नाही."

"मग रात्री काढायचा कसा?"

व्हिडिओत ते दाखवलेलं नाही. ती पोरगी वळून, जरा ऐटीत चालून आत निघून जाते. मावशींनी टॅब माझ्याकडे सरकवला, ग्रे रंगाच्या ब्लाऊजची चळत पुढे ओढली आणि सुईत दोरा ओवला. दुपारी चारला त्यातले सहा न्यायला बायका येणार होत्या.