टॉवर नाही म्हणजे परवानगी नको?

या आठवड्यात उड्डाण शून्य. वारा पडेना, म्हणून सेक्शनल चार्ट (वैमानिकांचा हवाई नकाशा) टेबलावर पसरला आणि अल्ट्रालाइटचा, म्हणजे आमच्या अगदी हलक्या उडत्या यंत्रांचा, अमेरिकन नियम, पार्ट 103, पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. बरं झालं, कारण इतके दिवस डोक्यात धरलेला एक हिशेब चुकीचा निघाला.

माझा हिशेब असा होता: विमानतळाला कंट्रोल टॉवर असेल तिथे उडायला परवानगी लागते, नसेल तिथे मोकळीक. पण कलम 103.17 नीट वाचलं की कळतं, परवानगी लागणाऱ्या क्लास ए, बी, सी आणि डी या नियंत्रित हवाई हद्दींच्या जोडीला आणखी एक जागा आहे. विमानतळासाठी थेट जमिनीपासून सुरू होणारा क्लास ई. चार्टवर तो तुटक मॅजेंटा (जांभळट गुलाबी) रेषेने दाखवतात. टॉवर नसलेल्या लहान विमानतळाभोवतीही ही रेष असू शकते, कारण ढगांतून उपकरणांच्या भरवशावर उतरणाऱ्या विमानांना तिथे संरक्षण हवं असतं. आत जायचं तर एटीसीची, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाची, परवानगी आधीच घ्यायची. टॉवरच नाही तर मागायची कोणाकडे? तो भाग सांभाळणाऱ्या अप्रोच किंवा सेंटर या एटीसीच्या केंद्राकडे. कोण सांभाळतं ते चार्ट सप्लिमेंटमध्ये, म्हणजे चार्टच्या जोडीच्या माहितीपुस्तिकेत, मिळतं. काही ठिकाणी हा क्लास ई ठरावीक वेळेपुरताच असतो, त्या वेळाही तिथेच पाहायच्या.

खरा गोंधळ होता तो फिकट होत जाणाऱ्या मॅजेंटा पट्ट्याचा. रंग तोच, म्हणून मला वाटलं हा पट्टाही टाळावा लागणार आणि उगाच लांबचा वळसा पडणार. त्या पट्ट्याच्या आत क्लास ई जमिनीपासून 700 फुटांवर सुरू होतो. खाली क्लास जी, म्हणजे अनियंत्रित हद्द. परवानगी खालीही लागत नाही, वरही लागत नाही. बदलते ती हवामानाची अट. खाली दिवसा 1 मैल दृश्यता आणि ढगांबाहेर राहणं पुरे. 700 फूट ओलांडले की 3 मैल दृश्यता, आणि ढगांपासून खाली 500, वर 1,000, बाजूला 2,000 फूट अंतर. म्हणजे ही हद्द परवानगीची नाही, नजरेची आहे. हे उमगलं तेव्हा अख्खा चार्ट मला नव्याने दिसायला लागला.

एवढं सगळं जमलं तरी 103.13 आहेच: प्रत्येक विमानाला वाट आपणच द्यायची. 55 नॉट (ताशी साधारण 102 किलोमीटर) ही आपल्या यंत्राची कमाल मर्यादा, त्यामुळे लहान विमानतळाच्या सर्किटमध्ये, म्हणजे उतरण्याआधीच्या ठरलेल्या फेरीत, मागून येणारा जवळपास प्रत्येकजण आपल्यापेक्षा वेगात असतो. रेडिओ सक्तीचा नाही, पण हातातला सेट घेतल्याशिवाय मी तिकडे फिरकणार नाही.

नवा मार्ग पेन्सिलने आखलाय. फिकट पट्ट्यातून सरळ, 500 फुटांवर, वाटेतली वस्ती टाळून. तुटक रेषेचा विमानतळ डावीकडे राहतो. निघण्याआधी नोटॅम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) बघायचे, आणि वारा पडला की सूर्योदयाला निघायचं.