तुम्ही विचारलंत म्हणून: अजून ग्रीन कार्ड कसं नाही?

“इतकी वर्षं झाली अमेरिकेत, अजून ग्रीन कार्ड कसं नाही? आणि मिळतच नसेल तर परत का येत नाही?” मुंज असो, बारसं असो, नाहीतर रविवारचा व्हिडिओ कॉल, हा जोडप्रश्न ठरलेला. मावशी विचारते आणि मागून काका ओरडतात, “वकील बदला म्हणावं.” तर आता एकदाच लिहून टाकते.

वकिलाचा यात काही संबंध नाही. नवऱ्याच्या कंपनीनं ग्रीन कार्डासाठी, म्हणजे इथं कायम राहायच्या परवान्यासाठी, अर्ज केला, 2016 मध्ये तो मंजूरही झाला. मंजूर होऊन पडलाय. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000. त्यात बायकामुलंही मोजायची, आणि एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाहीत. आइसलँडला जी मर्यादा तीच भारताला. एच-1बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, काम करणाऱ्यांत सत्तर टक्क्यांहून जास्त आपली माणसं. कामाला घेताना देश मोजत नाहीत, ठेवून घ्यायची वेळ आली की मोजतात.

बरं, देशही जन्माचा धरतात, पासपोर्टचा नाही. न्यू जर्सीत एडिसनमधल्या आमच्या ओळखीच्या जोडप्यात ती मस्कतला जन्मलेली, कारण वडील तिथं नोकरीला. तेवढ्यावर नवराही तिच्याबरोबर ओमानच्या खात्यात गेला आणि दोघं भराभर सुटले. मी जन्मले कराडला. माझ्या वडिलांनाही आखातातली नोकरी सांगून आली होती, आईनं जाऊ दिलं नाही. (आई, तुला दोष देत नाहीये. बरं, थोडा देतेय.)

रांगेतली आमची तारीख नोव्हेंबर 2015 ची. सरकार दर महिन्याला कुठल्या तारखेपर्यंतचे लोक घेणार ते जाहीर करतं. 2022 च्या सप्टेंबरमध्ये आमच्या वर्गाची गाडी डिसेंबर 2014 वर होती. नवऱ्यानं ग्रीन कार्डाला लागणाऱ्या मेडिकलसाठी डॉक्टरसुद्धा बघून ठेवला. ऑक्टोबरमध्ये ती एप्रिल 2012 वर गेली, आणि पुढच्या वर्षी जानेवारी 2011 वर. पुढं नाही हो, मागं. तेव्हापासून मी ते पान उघडत नाही. नवरा उघडतो आणि काही न बोलता चहा टाकतो, त्यावरून कळतं.

आल्या आल्या मीच तुम्हाला फोनवर ठणकावून सांगायचे, “इथं वशिला लागत नाही, नंबर आला की मिळतं.” त्या बाईशी मी अजून भांडते. पण ती खोटं बोलत होती असंही म्हणवत नाही. वशिला खरंच लागत नाही. नंबर येईपर्यंत मुलं थांबतात का, एवढंच तिनं विचारलं नव्हतं.

मुलगी आली तेव्हा पहिलीत होती. आई-वडिलांच्या व्हिसावर मूल एकवीस वर्षांचं होईपर्यंतच राहू शकतं. 2025 मध्ये ती एकवीस पूर्ण करणार म्हणून आधीच तिला विद्यार्थी व्हिसावर टाकलं. इथल्या इथं कागद बदलता येतात, पण देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येताना पासपोर्टवर नव्या व्हिसाचा शिक्का हवा. आणि त्या उन्हाळ्यात आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं.

विद्यार्थी व्हिसाची मेख ठाऊक आहे? शिक्षण संपलं की मायदेशी परत जाणार, तिथं माझं घर आहे, हे अधिकाऱ्याला पटवावं लागतं. तिला. जिचं मराठी “आजोबा, तुम्ही जेवली का” असं आहे तिला. कराडच्या घरात रात्री मी तिची तयारी करून घेत होते. म्हण, आजोबांची जागा आहे. म्हण, इथं बायोटेकला वाव आहे. तिनं विचारलं, “बट आय डोंट लिव्ह हिअर, आई. हे मी कसं बोलू?” मी म्हटलं, सगळे बोलतात. त्याच आठवड्यात तिनं इन्स्टाग्राम सगळ्यांसाठी उघडं केलं, कारण जूनपासून तसा नियम आला होता. मैत्रिणीच्या कुत्र्याचे फोटो आणि मला न कळणारे विनोद. ते सरकार वाचणार म्हणून ती रात्री दोनपर्यंत स्वतःचंच जुनं लिखाण तपासत बसली.

मुंबईत बीकेसीला अमेरिकन वकिलातीत ती आत गेली आणि मी तिचा मोबाइल हातात धरून फुटपाथवर. आजूबाजूला पहिल्यांदाच मुलं पाठवणारे आई-बाप, प्लॅस्टिकच्या फोल्डरसकट. एका बाईंनी विचारलं, “तुमचीपण एमएसला?” मी हो म्हटलं. काय सांगणार, की माझी घरी परत जायची परवानगी मागायला आलीय?

बाहेर आली ती चिडलेली. पासपोर्ट ठेवून घेतला होता, म्हणजे व्हिसा मिळाला. अधिकाऱ्यानं विचारलं म्हणे, कराडमध्ये काय करशील? मी पढवलेलं सगळं ती विसरली. म्हणाली, “आजोबांना विचारते.” तो हसला. ती नाही हसली. टॅक्सीत मला एवढंच म्हणाली, “डोंट मेक मी से दॅट अगेन.”

तुम्ही म्हणालात, “झालं ना काम!” झालं.

आता “परत का येत नाही”. घरात चार माणसं आणि चार प्रकार: नवरा एच-1बी, मी त्याची बायको म्हणून एच-4, मुलगी विद्यार्थी म्हणून एफ-1, धाकटा इथं जन्मलेला, थेट अमेरिकन. 2033 मध्ये तो एकवीसचा झाला की आम्हाला स्पॉन्सर करू शकेल. कदाचित आमच्या नंबराआधी. नवरा म्हणतो, पुण्यात बाणेरला घर बघू. मी म्हणते, धाकट्याची शाळा संपू दे. तो म्हणतो, हे तू मोठीच्या वेळीही म्हणाली होतीस. बरोबर आहे त्याचं. मीही चुकीची नाही. आणि हो, पगार हेही कारण आहे. ते का लपवू?

मावशी, तू विचारतेस आणि तुझाच नातू पुढच्या वर्षी एमएसला यायचं म्हणतो. 2025 च्या सप्टेंबरात नियम आला, भारतातून नवा माणूस एच-1बीवर आणायचा तर कंपनीनं एक लाख डॉलर भरायचे, हे मी त्याला सांगितलं. तो मला म्हणाला, मावशी, मी तिथंच शिकणार, मला ते लागू नाही. अभ्यास करून बसलाय पोरगा. त्याचा एसओपी, म्हणजे प्रवेशअर्जासोबतचा निबंध, मी तपासून पाठवला. परत येऊन देशाची सेवा करण्याचा परिच्छेद फार लांबला होता, तो अर्धा केला.