आत्याचं कुंपण

पंधरा दिवस खोकतोय. दोन बाटल्या रिकाम्या झाल्या, फरक शून्य. आज मेणवलीला आत्याकडे गेलो, तर दारातच म्हणाली, "कवापासनं खोकतूयास रं? थांब जरा." आणि थेट परड्याच्या कुंपणाकडे.

कुंपण अडुळशाचं. शेरडंसुद्धा तोंड लावत नाहीत, म्हणून लावलेलं. लहानपणी त्या पांढऱ्या फुलांतला मध चोखायचो आम्ही, बाकी ढुंकूनही बघितलं नाही.

नुसती पानं वाटून फारसा रस निघत नाही, हे आज कळलं. आत्यानं दहा-बारा जून पानं तव्यावर गरम केली, मऊ पडल्यावर फडक्यात घालून पिळली. मनगटं दुखेस्तोवर पिळून जेमतेम दोन चमचे, काळपट हिरवा रस. त्यात मध घातला तरी असा कडू, की कारल्यानं हात जोडावेत! वर दम: "सूनबाईला दिवस गेल्यात न्हवं? तिला चाटवू नगंस, पोटुशीला चालत न्हाई."

घरी येऊन बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. ब्रोमहेक्सिन. अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच बेतलेलं औषध! म्हणजे ज्याचे दोनशे रुपये मोजले, त्याचं मूळ आत्याच्या कुंपणात.

सोमवारी छातीचा एक्सरे आहेच, तो चुकवणार नाही. पण संध्याकाळपासून दोनदाच खोकलोय. येताना आत्यानं हातात कोंबलेली फांदी गॅलरीतल्या कुंडीत खोचलीय. बायको विचारतेय, गुलाब काढून हे काय लावलंस?